निष्क्रिय खाते आणि सायकल

बँकेतील सेवाकाळात एक गोष्ट मनावर ठसली : खाते उघडणे सोपे, ते चालते ठेवणे कठीण. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही, की बचत खाते निष्क्रिय ठरते. सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी ख्याती असलेल्या पुण्यात, जिन्याखाली धूळ खाणाऱ्या सायकली पाहिल्या, की मला ती खाती आठवतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. परंतु केवळ स्वस्ताईने स्वार वाढत नाहीत. सायकल थांबते ती क्षुल्लक कारणांनी : हवा उतरते, चेन गंजते, सीट खाली असल्याने गुडघे दुखतात. दुकानदार बंधूंनी विक्रीच्या दिवशीच ग्राहकाच्या उंचीप्रमाणे सीट बसवून द्यावी. नव्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा लवकरच सैल पडतात. म्हणून महिन्याभराने त्याला आपणहून बोलवावे. कारखानदारांनीही मडगार्ड, कॅरिअर आणि दिवा जोडूनच द्यावा. भाजी आणणाऱ्या गृहिणीला दिखाऊ गिअरपेक्षा त्यांचाच उपयोग अधिक.

धावत्या सायकलीला टायर लागतात, चेन लागते, आणि तिच्याकडे पाहून शेजारीही दुकानाची पायरी चढतो. बँक निष्क्रिय बचत खात्यावरही व्याज देते; दुकानदाराला मात्र ते अशा चालत्या खात्यावरच मिळते.