एक जूनच्या मुली

आमच्या उर्दू शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची पानं उलटली की जन्मतारखेच्या रकान्यात एकच तारीख पुन्हा पुन्हा भेटते, 1 जून. बाप किंवा मामू मुलीला घेऊन यायचा आणि तारीख विचारली की आढ्याकडे बघायचा. मग मास्तर मुलीला सांगत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकड. हात पोहोचला की मूल सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जन्मही जूनचा. आम्ही शिक्षिका आठजणी. त्यातल्या चौघी कागदावर एक जूनच्याच.

आपा आमच्यात सगळ्यांत मोठ्या. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर वाद पेटला, तेव्हा मोहल्ल्यात घरोघर ट्रंका उघडल्या गेल्या. आपाही शाळेचा दाखला शोधत बसल्या होत्या. त्यांच्या अम्मी भिंतीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "एक जून कुठली गं? भातकापणी चालू होती. शबे मेराजची रात्र होती. दाई नमाज सोडून आली."

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिजरी तारखा दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. त्यामुळे रज्जबची सत्ताविसावी कापणीच्या दिवसांत येईल अशी सालं मोजकीच. हिशेब जुळला तो 1389 हिजरीवर, म्हणजे 1969 चा ऑक्टोबर, आठ किंवा नऊ तारीख. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदाही 1969 सालचाच, पण आडगावच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचायला त्याला फार वर्षं लागली.

कागदाप्रमाणे आपा 31 मे 2027 ला निवृत्त होणार. अम्मींच्या आठवणीप्रमाणे ऑक्टोबरअखेर झाल्या असत्या. पाच महिन्यांचा पगार गेला तो गेलाच, पण आपांना सलत होतं ते वेगळंच. नवं वर्ष सुरू होईल आणि पहिलीच्या नव्या मुलांसमोर त्या नसतील. सेवापुस्तकातली तारीख बदलायची तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. ती मुदत कधीच उलटून गेली होती. अम्मीही पुढच्याच वर्षी गेल्या.

तारीख बदलता येत नाही, तर निदान ती साजरी तरी करू, असं आम्ही ठरवलं. 2025 च्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार-रविवार धरला. कोलाडला कुंडलिकेच्या काठी तंबूत मुक्काम आणि सकाळी राफ्टिंग. बोलणारे बोललेच. वाढदिवस आपल्यात करत नाहीत, बायकांनी रात्री नदीवर कशाला राहायचं, या वयात हे कसले चाळे. आपांनी एकच उत्तर दिलं, "केक नको, मेणबत्ती नको. छप्पन्न वर्षं दिली, त्याचा शुक्राना आहे." आम्ही घरून सांदणं करून नेली.

रात्री काठावर गार वारा होता. पलीकडे पिवळं पडत चाललेलं भात. इतिहास शिकवणारीने कुंडलिकेची गोष्ट सांगितली. या नदीत सकाळी खळाळतं ते पाणी मूळचं मुळा नदीचं. मुळशीला धरण बांधून ते अडवलं, बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलं. भिऱ्याचं वीजघर 1927 सालचं. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते आता रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण तरीही झालं. आम्हा सगळ्यांचं बालपण या खोऱ्यात गेलं, पण रोजच्या नदीत दुसऱ्या नदीचं पाणी आहे हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं.

फज्र काठावरच झाली. साज्याला पोहोचलो तेव्हा पात्रात नुसते धोंडे दिसत होते. वर वीज तयार झाली की पाणी सुटतं, तोवर थांबायचं. मग आवाज आला आणि बघता बघता धोंडे बुडाले. गाइड गावातलाच पोरगा. त्याने जाकिटांचे पट्टे आवळले, हेल्मेटखाली दुपट्टे नीट खोचायला लावले. "मावशी, पाय हवेच्या नळीखाली रोवा. वल्ह्याची मूठ सोडू नका. पडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला."

पहिल्या उतारावर रबरी नाव नाकावर उभी राहिली आणि पाण्याची भिंत अंगावर आली. आम्ही कलमा म्हणत होतो की किंचाळत होतो, सांगता येणार नाही. "फॉरवर्ड" म्हटलं की आठ वल्ही आठ दिशांना. आपा मात्र त्याच्या हुकमावर नेमक्या वल्हवत होत्या. वर्गात आयुष्यभर कवायत घेतलेली बाई.

बारा-तेरा किलोमीटरच्या या वाटेत एके ठिकाणी पाणी संथ झालं. गाइड म्हणाला, "उतरायचं त्यांनी उतरा." आपांना पोहता येत नाही. तरी पहिल्या त्याच उतरल्या. उताण्या झाल्या, डोळे मिटले. जाकिटाने त्यांना वर धरलं होतं, नदी पुढे नेत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी तसंच पडल्या पडल्या विचारलं, "बेटा, हे पाणी बंद कधी होतं?"

"वरून बंद केलं की, मावशी. दुपारी बघा, पुन्हा धोंडे."

"मग आत्ताच बरं," आपा म्हणाल्या.

नाव काठाला लागल्यावर ओल्या कपड्यांनीच सांदणं खाल्ली. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना मुबारकबाद दिली.

2023 च्या ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांना शाळेत येताना जन्माचा दाखला आणावाच लागेल. कान पकडायची गरज संपली, ते चांगलंच झालं. पण कोलाडहून आल्यापासून आम्ही बाकीच्या तिघी एक जूनवाल्या आपापल्या घरी विचारत सुटलो आहोत. एकीची अम्मी म्हणाली, तू रमजानच्या सहरीला झालीस. दुसरीची म्हणाली, होळीच्या दुसऱ्या दिवशी, गावात ढोल वाजत होते. तिसरीची अम्मी हयात नाही. आपा म्हणाल्या, "तिची दाई आहे ना अजून? म्हातारीला नीट ऐकू येत नाही, पण आठवतं सगळं." येत्या रविवारी आम्ही आठहीजणी तिच्याकडे जाणार आहोत.