सुईवरचे टाके

आई गेली तेव्हा तिच्या विणकामाच्या एका सुईवर एकसष्ट टाके होते; दुसरी सुई मोकळी होती.

वकिलाच्या घरी दुःखाच्या पाठोपाठ येते ती यादी. वास्कोतील घर, बँकेतील ठेव, पाटल्या, समया असे सारे मी लिहून काढले. पाटल्यांचे वजनही ग्रॅममध्ये टिपले. सुईवरची ती शाल, शाल कसली, गळ्याभोवती घ्यायची लांब जाळीदार पट्टीच, कोणत्या सदरात घालावी ते मात्र कळेना. पुरी झालेली वस्तू ती नव्हे. आणि नुसती लोकर म्हणावी तर तीत आईचे चार महिने गेलेले.

लोकर धाकट्या बहिणीने धाडली होती, स्कॉटलंडातील ॲबर्डीनहून. अल्पाका नावाच्या प्राण्याची. पेरू देशातील अँडीज पर्वतावरचा हा उंटाच्या कुळातला जीव. मेंढीच्या लोकरीतली चरबी त्याच्या लोकरीत जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती हाताला रेशमासारखी लागते. पण मेंढीच्या लोकरीची लवचीकताही तिला नाही. विणणाऱ्याचा हात कमीअधिक झाला तर ती ते झाकून घेत नाही. आईचा हात बसलेला क्रोशावर. क्रोशात आकडीवर बहुधा एकच टाका असतो, सुटला तर तेवढाच सुटतो. सुयांवर मात्र ओळीतले सगळे टाके एकदम जागे ठेवावे लागतात. "लोकर पुढे, दोनांचा एक," असे ती पुटपुटत असे. जेवढी भोके पाडायची तेवढेच टाके जोडून कमी करायचे, म्हणजे बेरीज कायम राहते. एकदा बारा ओळी मागे एक भोक चुकलेले सापडले. "कोणाला दिसणार आहे?" मी म्हटले. तिने काही न बोलता बाराही ओळी उसवल्या. वास्कोच्या दमट हवेत, मांडीवर लोकर घेऊन!

श्रावणात दामोदराचा सप्ताह आला. नाव सप्ताह, पण अखंड भजन चोवीस तासांचे. मंडळे पाळीपाळीने बसतात आणि सूर खाली पडू देत नाहीत. देवळातून परतल्यावर आईने दोन ओळी विणल्या. त्या शेवटच्या ठरल्या.

आता जे सांगायचे ते सांगताना लाज वाटते. माझ्या खणात एक मसुदा तयार होता. बहिणीने घरावरील हक्क सोडल्याचा. आपल्याकडे पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० साली लागू झाली, तेव्हापासून वारशात मुलगी मुलाच्या बरोबरीची; २०१२ च्या कायद्यानेही तेच राखले. हे मी पक्षकारांना बजावून सांगतो. परंतु ती परदेशी, आईचे केले मी, असा युक्तिवाद माझ्याच मनात मी रचला होता, आणि समोर विरुद्ध बाजूचा वकील नव्हता.

विणकामाविषयी विचारायला म्हणून तिला फोन केला. मसुद्याचे बोलणे त्यातच काढावे असा बेत होता. कोणाकडून तरी पुरे करून घेऊ का, असे मी विचारले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "भाई, आवयन जितलें विणलां तितलेंच जाय म्हाका."

मसुद्याचे बोलणे राहून गेले.

शेजारच्या बाईंनी टाके बंद करून दिले. सैल हाताने, नाहीतर कड आवळते. सुईवरून उतरल्यावर ते विणकाम चुरगळलेल्या चिंधीसारखे दिसत होते. बाई म्हणाल्या, भिजवा, ताणा आणि टाचण्या लावून वाळू द्या. मी गादीवर चादर पसरली आणि एकेक टोक ओढून टाचणी लावत गेलो. पाने उमटली, देठ उमटले. ज्या ठिकाणी आईने बारा ओळी उसवल्या होत्या ती जागा मी शोधली, सापडली नाही.

पावसाळी हवेत वाळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पार्सल केले. सोबत यादीची प्रत घातली, दोघांच्या नावापुढे अर्धा अर्धा हिस्सा लिहून. विणकाम यादीत घातले नाही. दोन्ही सुया मी ठेवून घेतल्या आहेत; तसे तिला पत्रात कळवले आहे.