उंटावरचा मठ

मंगोलियातल्या एर्देने झू मठासाठी दगड लांबून आणावे लागले नाहीत. शेजारीच काराकोरम पडलं होतं. ओगदाई खानाने १२३५ साली तटबंदी घातलेली ही मंगोल साम्राज्याची राजधानी. चौदाव्या शतकात मिंग फौजांनी तिची धूळधाण केली. १५८५ मध्ये अबताई खानाने त्याच ढिगाऱ्यातून मठ उभारायला घेतला. आज तटावर शंभराहून अधिक पांढरे स्तूप ओळीने उभे आहेत, आत मात्र बरंचसं गवतच. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कम्युनिस्ट हुकूमशहा चोइबाल्सानच्या राजवटीने देशभरचे मठ पाडले, हजारो लामांना गोळ्या घातल्या. इथली मोजकी देवळं वाचली आणि पुढे त्यांचं संग्रहालय झालं. पूजाअर्चा परतली ती १९९० नंतर. कोपऱ्यातल्या लाव्रिन देवळात काही पोरसवदा लामा पोथी म्हणत बसले होते. त्यातल्या एकाचं लक्ष पोथीपेक्षा आमच्याकडेच जास्त.

राजधानी मोडली, तिच्या दगडांचा मठ झाला, तोही मोडला. मग या देशात टिकलं काय?

मुक्कामाला ओरखोन नदीकाठी एका पशुपालक कुटुंबाच्या गेरमध्ये, म्हणजे तंबूवजा घरात, गेलो. लाकडी जाळीच्या भिंती, वर नमद्याचं आवरण, मध्ये शेणाच्या गोवऱ्यांवर पेटलेली शेगडी. दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही. दारासमोर, उत्तरेच्या मानाच्या जागी एक पेटी, तिच्यावर बुद्धाची तसबीर आणि शर्यतीत घोड्याने मिळवलेली पदकं, दोन्ही शेजारीशेजारी. घरच्या बाईंनी मीठ घातलेला दुधाचा चहा दिला, मग वाडगाभर ऐराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. पहिला घोट आंबट ताकासारखा लागतो. दुसरा घ्यायला जरा धीर लागतो. ‘‘तुमची जनावरं किती?’’ त्यांनी आमच्या ड्रायव्हरकरवी विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी वाडगा न विचारता पुन्हा भरला.

असं बिऱ्हाड दोनेक तासांत उतरवून गाडीत भरता येतं. आणि इथल्या माणसांनी मठसुद्धा तसाच चालवला होता! झानाबाझार हा मंगोलियाचा पहिला मोठा धर्मगुरू आणि अप्रतिम मूर्तिकार. त्याच्या तारादेवीच्या मूर्ती पाहताना आपण एखाद्या जिवंत तरुणीसमोर उभे आहोत असं वाटतं. १६३९ मध्ये त्याच्यासाठी उभारलेला मठ गेरचाच होता. पुढे शतकाहून अधिक काळ देव, पोथ्या, लामा असं सगळं उंटांवर लादून तो वीसहून जास्त वेळा हलला. १७७८ मध्ये तूल नदीच्या खोऱ्यात तो स्थिरावला, आणि त्याच्याभोवती वाढलेलं गाव म्हणजे आजचं उलानबातर. आपल्याकडे अजिंठ्याला भिक्षूंसाठी डोंगर कोरून विहार केले. तोच धर्म इथे चराऊ कुरणांच्या मागे चालू लागला. मला हा मठ एर्देने झूपेक्षा अधिक भावला.

पण त्या मठाच्या शहराभोवती आज टेकड्याच्या टेकड्या गेरनी भरल्या आहेत. ‘झुद’ आला, म्हणजे कडक हिवाळ्यात चारा बर्फाखाली गेला, की कळप मरतात आणि माणसं शहराकडे निघतात. तिथे गेर पुन्हा उभा राहतो, फक्त भोवती फळ्यांचं कुंपण येतं. थंडीत कोळशाचा धूर. बाईंचा धाकटा मुलगा तिथेच राहतो. त्याला फ्लॅट मिळावा, नळाला गरम पाणी यावं, एवढंच त्यांना हवंय. माझ्या उंटावरच्या मठाचं त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. बाई आमच्या ड्रायव्हरशी शरदात तळ हलवायला लागणाऱ्या ट्रकच्या भाड्यावरून घासाघीस करत होत्या, आणि भाव काही पटत नव्हता.