हसवणारे वीजबिल

वाचकहो, एरवी सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याबद्दल लिहिणारा माणूस आज सिनेमाबद्दल लिहितो आहे, म्हणून हसू नका. हसायचेच असेल तर त्या सिनेमाला हसा.

‘एक कप च्या’ हा २००९ सालचा चित्रपट, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा. यांचे नाव निघाले की जाणकार ‘दहावी फ’, ‘देवराई’, ‘अस्तु’ सांगतात. ‘कासव’ला तर २०१७ साली सुवर्णकमळ जाहीर झाले. ‘एक कप च्या’ मात्र कुणाला आठवत नाही. गावाकडचा विनोदी सिनेमा म्हटले की लोक ‘वळू’च सांगतात. आमच्या गुरुजींनी तर ‘माहिती अधिकाराची जाहिरात’ म्हणून त्याला केव्हाच निकालात काढले होते. मला ते तेव्हाही पटले नव्हते.

गोष्ट एवढीच. काशिनाथ सावंत (किशोर कदम) हा कोकणातला एस.टी. कंडक्टर. त्याच्या साध्या घराला ७३,००० रुपयांचे वीजबिल येते. चूक आंधळ्यालाही दिसेल अशी, पण ती दुरुस्त कुणी करायची?

यंदा पावसाची झड लागली तेव्हा गुरुजींच्या आखाड्यावर आम्ही चौघांनी तो पुन्हा पाहिला. आमच्यातले एक निवृत्त कंडक्टर आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, हिशेबात रुपया कमी आला तर आम्ही खिशातून भरतो. असल्या माणसाच्या हातात ७३,००० चं बिल! आता याच्याहून मोठा इनोद कोन्ता ओ?”

खरे सांगतो, नायक कंडक्टरच का, हे मला त्या दिवशी कळले.

पण आमचे कापूसवाले मित्र हसले नाहीत. “ज्याच्या घरी असं बिल आलं, त्याला इचारा,” म्हणाले. मोटारीचे बिल साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून माफ आहे, घरचे नाही. थोडा वेळ कुणीच बोलले नाही.

माझे म्हणणे असे. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा माणूस. आमच्याकडेही माहितीचे अर्ज येतात, आणि अर्ज आला की कालपर्यंत न सापडणारी फाईल कशी सापडते, ते मी पाहिले आहे. ‘वळू’त आपण गावाला हसतो. इथे काशिनाथला हसू येत नाही. हसू येते ते टेबलाचे. कापूसवाल्यांना हे काही पटले नाही, आणि त्यांचेही खोटे नाही.

अर्ज कसा करायचा, एवढे मात्र त्यांनी विचारले. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप; दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही, फक्त दाखला जोडायचा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, नाही मिळाले तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील.

“म्हणजे जाहिरातच की!” गुरुजी म्हणाले. आम्ही हसलो. कापूसवाले मात्र स्टँप कुठे मिळतो, ते विचारत होते.