गोंगाट कोणता, संकेत कोणता?

विज्ञानशाखेच्या पदवीवर्गात ‘संप्रेषण कौशल्य’ म्हणून जे शिकविले जाते, त्याचा रोख बहुधा मुलाखत, अर्जलेखन, गटचर्चा आणि निर्दोष इंग्रजी उच्चार यांकडे असतो. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनावर त्यातून एक गोष्ट नकळत ठसते : आपली भाषा हा संदेशात मिसळलेला गोंगाट आहे. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

‘गोंगाट’ ही संज्ञा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या संप्रेषणाच्या गणिती सिद्धान्तातील. शॅनन ज्या बेल प्रयोगशाळेत काम करीत होते, तेथेच कार्ल जान्स्की यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी दूरध्वनीसेवेत व्यत्यय आणणाऱ्या खरखरीचा शोध घेतला होता. तिचा एक अंश आकाशगंगेतून येत असल्याचे आढळले आणि त्या खरखरीतून रेडिओ खगोलशास्त्र जन्मले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण त्याच परंपरेतील. गोंगाट कोणता आणि संकेत कोणता, हे ऐकणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून असते, हा धडा विद्यार्थ्याच्या शिवारातच उभा आहे.

प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब सोडणारी विद्यार्थिनी द्रावणावर फिकट गुलाबी छटा येताच हात थांबविते. तिला काय कळले आहे, हे तिच्या हाताला ठाऊक असते. मात्र वहीत ती पाठ केलेले वाक्य लिहिते : ‘अ ड्रॉप वॉज अ‍ॅडेड’. वस्तुनिष्ठतेसाठी येथे करणारी व्यक्ती वाक्यातून नाहीशी होते. मराठीचा कर्मणी प्रयोग वेगळी सोय करतो. ‘तिने थेंब सोडला’ या वाक्यात क्रियापद वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तरी कर्ती आपल्या जागी राहते. वस्तूचे प्राधान्य आणि निरीक्षकाचे उत्तरदायित्व येथे एकत्र नांदतात. जिला दोष ठरविले, त्या भाषेत विज्ञानाला उपकारक अशी ही घडण आहे.

इंग्रजीची निकड यामुळे कमी होत नाही. संशोधनाची आणि नोकरीची दारे तिच्यातून उघडतात. ती नाकारणे ग्रामीण विद्यार्थ्याला परवडणारे नाही. आक्षेप आहे तो संप्रेषणाची दिशा एकच मानण्याला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर गेली. अशा डोंगरउतारांवर जमिनीची भेग, झऱ्याचे गढूळलेले पाणी, कललेले झाड प्रथम कोणाला दिसणार? तेथे राबणाऱ्या माणसाला. त्याचे सांगणे शास्त्रापर्यंत आणि शास्त्राचा इशारा त्याच्यापर्यंत नेईल असा दुभाषी बहुधा त्याच्याच घरातला पदवीधर असेल.

म्हणून परीक्षेत एक प्रश्न वाढविता येईल : केलेला प्रयोग परीक्षकाला इंग्रजीत सांगा, तोच घरच्या वडीलधाऱ्यांना मराठीत सांगा, आणि त्यांनी विचारलेली शंका लिहून आणा. यांपैकी तिसरा भाग सर्वांत कठीण ठरेल. कारण तेथे विद्यार्थ्याला बोलायचे नसून ऐकायचे असेल.