डहाणू लोकल आणि मातीचं पाकीट

शहरातल्या शाळेत ‘हॅण्ड्स-ऑन लर्निंग’चं किट विकत मिळतं. डहाणूच्या एका पाड्यावरच्या शाळेत किट नव्हतं, पण आठवडा मात्र तोच होता. पावसात, चिखलात, चिंचोक्यांच्या संगतीत घालवलेल्या सात दिवसांची ही गोष्ट.

ताईचा फोन आला तेव्हा मी डेडलाइनशी मारामारी करत बसले होते. ‘‘अगं, मातीचं पाकीट कुठे मिळतं?’’ तिचा पहिलाच प्रश्न. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण नाही. माझा भाचा एका हाय-फाय शाळेत दुसरीत शिकतो. त्यांचा ‘हॅण्ड्स-ऑन वीक’ होता आणि अडीच हजारांच्या किटमधलं मातीचं पाकीट घरीच फुटलं होतं. सोसायटीच्या बागेतली माती चालेल का, असं ताईने विचारलं, तर उत्तर आलं, ‘ती सॅनिटाइज्ड नाही.’

ही गंमत मी रात्री शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी पाठवले. एकाने मात्र लिहिलं, ‘आमच्याकडे ये. माती गुडघ्यापर्यंत आहे, तीही फुकट. पुढच्या सोमवारपासून आमचाही आठवडा सुरू होतोय.’

हा आमचा मित्र डी.एड. करून डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झालाय. बाकीचे आयटीत गेले, मी पत्रकारितेत, आणि हा पठ्ठ्या वारली मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवायला. शाळेचं आणि त्याचं नाव लिहायचं नाही, या एका अटीवर मी बॅग भरली.

विरारच्या पुढे

आपल्यापैकी बहुतेकांसाठी पश्चिम रेल्वे विरारला संपते. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, तरी आपला नकाशा काही पुढे सरकला नाही. २१ जुलै २०२४, रविवार. विरार सुटलं आणि डबा रिकामा झाला. वैतरणेची खाडी आली, मग सफाळे, केळवे रोड, पालघर. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि त्यात वाकलेल्या बायका. बोईसरला पुन्हा गर्दी, मग वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड. एसी नाही, कॉफी नाही, पण खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या रंगाच्या इतक्या शेड्स कुठल्याही रिसॉर्टच्या ब्रोशरमध्ये नसतील.

स्टेशनबाहेर गुरुजी बाइक घेऊन उभे होते. (शाळेच्या आठवड्यात मीही त्याला गुरुजीच म्हणायचं, असं ठरलं होतं.) चिकूच्या वाड्या मागे टाकत आम्ही निघालो ते थेट कोसबाडच्या टेकडीवर. ‘‘शाळा उद्या. आज आधी ही टेकडी बघ,’’ तो म्हणाला. ‘‘नाहीतर तुला वाटेल, हे हॅण्ड्स-ऑन वगैरे आत्ताच निघालंय.’’

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतो आणि विसरतो. ताराबाईंनी १९४५मध्ये इथल्याच बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला आलं. माँटेसरीची साधनं महागडी होती. ताराबाईंनी त्यांचं तत्त्व घेतलं आणि साधनं आजूबाजूला शोधली. बिया, शिंपले, पानं, खडे. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणावर भरायची, ती कुरणशाळा. १९७५मध्ये सरकारने बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोचला. ताराबाई १९७३मध्ये गेल्या. अनुताईंनी १९९२पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ते काम पुढे नेलं.

टेकडीवर धुकं होतं. खालचे पाडे दिसत नव्हते, फक्त चुलींचा धूर वर येताना दिसत होता. ‘‘आता त्यातल्याच एका धुराखाली जायचंय,’’ गुरुजी म्हणाले.

पट तेवीस, हजर अकरा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षं होत होती, म्हणून २२ ते २८ जुलै या काळात देशभर ‘शिक्षण सप्ताह’ साजरा करायचा होता. रोजचा विषय ठरलेला. सोमवारी अध्ययन-अध्यापन साहित्य, मंगळवारी साक्षरता आणि संख्याज्ञान, मग क्रीडा, संस्कृती, कौशल्य, पर्यावरण आणि पोषण. शेवटी रविवारी समुदाय सहभाग. होय, रविवारी! रोजचे फोटोही वर पाठवायचे.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि समोर चिखल. पहिली ते चौथी मिळून पट तेवीस, शिक्षक दोन. एक आमचे गुरुजी आणि दुसऱ्या बाई, ज्या बारा वर्षं इथेच आहेत. सोमवारी अकराच मुलं हजर होती. बाकीची कुठे? बाईंनी शेताकडे हात केला. आवणीचे दिवस होते. आईवडील भात लावायला गेले की मोठी मुलं सोबत जातात आणि लहानांना कोणीतरी सांभाळावं लागतं.

गुरुजी छत्री घेऊन निघाले आणि पाठोपाठ मी. माझे नवे कोरे स्नीकर्स पहिल्या बांधावरच शहीद झाले. तासाभराने आम्ही तिघांना घेऊन परतलो. त्यात तिसरीतली एक मुलगी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच आली, त्याला पडवीत बसवलं, मग स्वतः वर्गात गेली. तिला आपण चिमणी म्हणू, कारण ती दिवसभर चिवचिव करते.

साहित्य दिवसाचं साहित्य काय होतं? चिंचोके, कौलांचे तुकडे, बांबूच्या काड्या. दहा काड्यांची जुडी बांधायची, म्हणजे एक दशक. मी मनात म्हटलं, हे तर मणी वापरूनही करता येतं. पण गुरुजींनी विचारलं, ‘‘आवण कसं बांधता?’’ आणि वर्गात एकदम गलका झाला. भाताची रोपं उपटून त्यांची जुडी कशी बांधायची, हे सांगायला पहिलीतला पोरगाही उभा राहिला. आवणाच्या जुडीत रोपं कोणी मोजत नाही, मूठ भरली की बांधतात. ‘‘आणि आपण मोजून बांधली तर?’’ गुरुजींनी विचारलं. जुडी सगळ्यांना माहीत होती. तिच्यात दहा असतात, एवढंच नवीन होतं.

बाईंकडे एक जाड वही आहे. डाव्या बाजूला मुलांचे घरचे शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातले. बारा वर्षांत जमवलेले. ‘‘मुलांना येत नाही असं म्हणतात लोक,’’ बाई मला म्हणाल्या. ‘‘अहो ताई, येतं सगळं. मी विचारते तो शब्दच त्यांच्या घरचा नसतो.’’

चिमणीची वीत

मला सर्वांत आवडला तो मंगळवार. पडवीची लांबी किती? पट्टी न वापरता मोजायची. मुलं वितांनी मोजायला लागली. चिमणीच्या मोजणीत एकोणचाळीस विती झाल्या. चौथीतल्या एका उंच मुलाच्या बत्तीस. झालं, भांडण! ‘‘तू खोटी मोजलीस.’’ ‘‘तूच खोटा.’’ प्रकरण हातघाईवर आलं, तरी गुरुजी गप्प. मी डोळ्यांनीच खुणावलं, अरे सांग ना! त्याने मान हलवली.

दहा मिनिटांनी चिमणीनेच त्या मुलाचा हात ओढला, आपल्या पंजाला लावला आणि बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘याचा हात मोठा आहे. आमचं दोघांचंही बरोबर आहे.’’ थोडं थांबून, ‘‘पण मग पडवी किती?’’

तेव्हा कुठे गुरुजींनी कपाटातून मीटरची टेप काढली.

शप्पथ सांगते, मला मीटर का लागतो हे या वयात कळलं. आम्हाला शाळेत ‘शंभर सेंटीमीटर म्हणजे एक मीटर’ हे पाठ करायला लावलं होतं. त्याची गरज कोणाला आणि कधी पडली, हे कोणी सांगितलंच नव्हतं. चिमणीने मग दिसेल ते मोजलं. फळा, दार, भाऊ, मी. ‘‘बाई, तुम्ही एकशे अठ्ठावन्न आहात.’’ मी सगळीकडे एकशे साठ लिहिते. असो.

दोन बोटं चिखल

मधला एक दिवस पावसाने गिळला आणि वेळापत्रक एकमेकांत घुसलं. कौशल्य दिवसाला पाड्यावरचे एक आजोबा टोपली विणायला आले. डिजिटल उपक्रमही होता, पण टॅबला रेंज नव्हती. बांबूच्या पट्ट्या एकाआड एक घालताना सम-विषम आपोआप आलं. आजोबा उठताना म्हणाले, ‘‘इतकी वर्षं दारावरून गेलो. आत आज आलो.’’

पर्यावरण दिवसाला आईच्या नावाने एक रोप लावायचं होतं. रोपं आली, फोटोसाठी मुलं रांगेत उभी राहिली. मी उत्साहाने चिमणीला खड्डा कसा करायचा ते सांगायला गेले. तिने सभ्यपणे ऐकून घेतलं. मग दोन बोटांनी चिखल बाजूला केला, रोप बसवलं, अंगठ्याने दाबलं. सगळं चार सेकंदांत. आदल्या आठवडाभर ती आईसोबत भातच लावत होती. मला भाच्याचं मातीचं पाकीट आठवलं आणि मी गप्प बसले.

तिच्या हातांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या हातांना जे येतं ते वहीत कसं उतरवायचं, एवढंच शाळेने तिला द्यायचं होतं. पण तेवढ्यासाठी ती शाळेत असायला हवी.

रविवारचं जेवण

रविवारी तिथी भोजन होतं. गावकऱ्यांनी मिळून तांदूळ, भाजी दिली. एकोणीस मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, कोंबड्या, सगळे जमले. चिमणीने आईला पडवी मोजून दाखवली. जेवणं झाल्यावर गुरुजी उभे राहिले आणि मुद्द्यावर आले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाल, तेव्हा मुलांना नेऊ नका.

शांतता. मग चिमणीची आईच बोलली, ‘‘गुरुजी, ठेवू कोणाजवळ? आणि धाकट्याला भट्टीवर कोण बघेल?’’

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच दिवसाच्या विषयात नव्हतं. पालक बाहेर गेले तरी मुलं गावातच राहावीत, त्यांना जेवण मिळावं, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. बाईंनी ती समजावून सांगितली. दोन आज्यांनी नातवंडं ठेवून घ्यायचं कबूल केलं. चिमणीला आजी नाही.

मी सोमवारी पहाटेच्या लोकलने परतले. दिवाळीनंतर गुरुजींचा फोन आला. चिमणी गेली. जाताना त्याने तिला शिक्षण हमी कार्ड दिलं. जिथे जाईल तिथल्या शाळेने तिला बसवून घ्यावं म्हणून ते असतं. त्याने खाली पेनने एक ओळ जास्तीची लिहिली होती, ‘मीटर-सेंटीमीटर पक्कं येतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नये.’

त्यानंतर सहा महिने मी विचारायचं टाळलं. जून २०२५मध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला. ‘आली. चौथीत बसली. भट्टीजवळच्या शाळेत दोन महिने गेली, बाकी चार भाऊ सांभाळला. भागाकार राहिलाय. टेप मागतेय.’

भाच्याच्या कुंडीतले मूग कधीच वाळले. या पावसाळ्यात मी त्याला डहाणू लोकलमध्ये बसवणार आहे. ताईला सांगितलंय, जुने बूट दे.

जायचंय?
कसं जाल : चर्चगेटहून थेट डहाणू लोकल आहेत, पण मोजक्याच. विरारहूनही गाड्या मिळतात. वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनहून पुढे रिक्षा.
काय बघाल : कोसबाडची टेकडी, बोर्डीचा समुद्रकिनारा आणि घोलवडच्या चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.
काय न्याल : छत्री आणि भिजले तरी चालतील असे बूट.
काय टाळाल : पाड्यावरच्या शाळेत न विचारता शिरणं आणि मुलांचे फोटो काढणं. त्यांचे फोटो आधीच खूप निघतात.