सुरतेहून दीवला

निवृत्तीनंतर एखादे बेट पाहावे, ही सौभाग्यवतींची जुनी हौस. तिच्या मनात भूमध्य समुद्रातले माल्टा होते. निवृत्तिवेतनाच्या हिशेबात दीव बसले. पहाटेचा चहा घेऊन विमानतळ गाठला. खंभातचे आखात ओलांडायला तासही लागला नाही.

दीवची पांढरी चर्चे पाहून तिने माल्टाची हौस भागवून घेतली. मला ओढ किल्ल्याची. सुरतेच्या चौकातील किल्ल्यात पूर्वी सरकारी कचेऱ्या होत्या. माझीही काही वर्षे तेथील फायलींत गेली. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला, एवढे आपणा मराठी मंडळींना पाठ असते. किल्ला बांधणाऱ्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. पोर्तुगीजांनी सुरत वारंवार जाळली, म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेने खुदावंतखानाने तो तापीकाठी बांधला. हा खोजा सफर मूळचा इटलीकडचा, असे जुने पोर्तुगीज लेखक सांगतात. म्हणजे भूमध्य समुद्र आमच्या कचेरीतच होता म्हणायचा! पोर्तुगीजांनी १५३५ पासून उभारलेला दीवचा किल्ला घेण्यासाठी त्याने १५४६ मध्ये वेढा घातला आणि त्याच वेढ्यात तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला.

खंदकाच्या काठी मी हे हिला सांगत होतो. ती थबकली. "अहो, म्हणजे तुमची कचेरी बांधणारा इथे पडला?"

मग ऊन चढेपर्यंत आम्ही तटावरच होतो.